समासातलं ‘राहू दे’

३ मार्च, सोमवार

कामगार बंधू-भगिनींनो, दिवसभर ट्यूबलाइटखाली डोळे फोडणाऱ्या, मशीनच्या धडधडीमुळे घरच्यांशीही ओरडून बोलायची सवय लागलेल्या माझ्या माणसांनो! आपल्या सगळ्यांचं दुखणं एकच आहे. साडेआठ तासांच्या पाळीत आपल्या वाट्याला आभाळ येतं ते फक्त अर्धा तास. दुपारी साडेबारा ते एक. मागच्या अंगणात, सात झाडांखाली, डबा मांडीवर घेऊन. आता तो अर्धा तासही यांना हवा आहे!

इथवर जमलंय. ‘हवा आहे’नंतर थांबायचं. टाळ्या येतील. नाही आल्या तरी थांबायचं.

आता आज काय घडलं ते. सकाळी व्यवस्थापकसाहेबांच्या खोलीतून एक परिपत्रक छापायला आलं आणि त्याचं प्रूफ वाचायला माझ्याच टेबलावर पडलं. बावीस वर्षं मी या छापखान्यात मुद्रितशोधक आहे. आमचा गळा कापायचा हुकूम निघाला तरी त्यातले ऱ्हस्व-दीर्घ आधी मलाच तपासावे लागणार. कागदाचं नवं गोदाम बांधायचं आहे. कुठे? सोबत नकाशा होता. मागच्या अंगणाच्या जागी एक चौकोन आणि चौकोनात दोन शब्द : ‘रिकामी जागा’.

सात झाडं. एक नळ. शिळाछापाच्या काळातले गुळगुळीत दगड, ज्यांवर बसून कामगारांच्या तीन पिढ्यांनी डबे खाल्ले. एक माळी. आणि माझा धाकटा भाऊ. हे सगळं मिळून ‘रिकामी जागा’! ‘मोकळी’ लिहिलं असतं तर एक वेळ समजून घेतलं असतं. मोकळी जागा माणसासाठी असते. रिकामी जागा भरण्यासाठी असते.

लाल पेन हातात होतं. पण मुद्रितशोधकाला लेखकाचा शब्द बदलता येत नाही. ‘गोदाम’चा काना राहिला होता, तो लावला आणि प्रूफ परत पाठवलं.

४ मार्च, मंगळवार

भावाबद्दल इथे एकदा नीट लिहून ठेवतो. पुढे भाषणाला लागेल.

धाकटा माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. बाइंडिंग खात्यात कागद कापायच्या मशीनवर होता. कामावर शीळ घालायचा. इतकी, की शेजारच्या टेबलावरून लोक फर्माइशी करायचे. गेल्या जुलैत मशीनची संरक्षक जाळी तुटली होती, ती आज बसवू उद्या बसवू म्हणत बसवली नाही आणि त्याच्या जोडीदाराची तीन बोटं पात्याखाली गेली. दांडा ओढला होता धाकट्यानं. चूक त्याची नव्हती, हे चौकशीत मी ओरडून सिद्ध केलं. त्यानं ती बोटं रुमालात गुंडाळली आणि हॉस्पिटलपर्यंत पळत गेला. बोटं जोडता आली नाहीत. तो रुमाल मात्र कित्येक दिवस त्याच्या मुठीतून सुटला नाही.

मग तो बोलायचा थांबला. दार आपटलं तरी टेबलाखाली जायचा. ही त्याला हातानं भरवायची. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांनी तो झोपायला लागला. जागा मात्र होईना. नोव्हेंबरात कामावर परतला तेव्हा त्याला फर्मे, म्हणजे छापलेले मोठे कागद, दुमडायला बसवलं.

आणि मग मागचं अंगण. कोणी पाठवलं नव्हतं. दुपारी सगळ्यांच्या मागून जायचा, कोपऱ्यातल्या तुतीखाली बसायचा. एक दिवस माळीकाकांनी काही न बोलता पाण्याचा पाईप त्याच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशीही दिला. जानेवारीत मी प्रूफ वाचत होतो आणि मागच्या खिडकीतून शीळ ऐकू आली. अर्धीच. पण मी त्या ओळीवर तीन वेळा परत गेलो.

तुतीला फळं धरल्यापासून त्याच्या शर्टाच्या खिशाला जांभळे डाग असतात. आज संध्याकाळी ही बादलीशी बसून डाग चोळत होती.

“भाऊजी, शर्टाचं पार मातेरं केलंत. खिसा आहे की टोपली?”

“तुमच्यासाठी आणल्या होत्या, वहिनी. वाटेत चिरडल्या.”

एवढं लांब वाक्य! हिनं ओल्या हातानंच खिशातला लगदा काढून खाल्ला आणि म्हणाली, “गोड आहेत हो.” डाग काही निघाला नाही. तिनं फार चोळलाही नाही.

तिथे गोदाम झालं तर हा माणूस पुन्हा टेबलाखाली जाईल. लढाई मला याच्यासाठी लढायची आहे. बाकी सगळं वक्तृत्व.

८ मार्च, शनिवार

गेल्या वर्षी आमच्याकडे एका डॉक्टरांची पुस्तिका छापली होती, झाडं आणि मन यांच्यावर. मी ती तीनदा वाचली होती आणि एक शब्द कळला नव्हता. धंद्याची खोड आहे : आम्ही अक्षरं पाहतो, मजकूर वाचत नाही. मजकुरात शिरलं की चूक निसटते. आज चौथ्यांदा वाचली, माणसासारखी. हिरव्यात बसलेल्या माणसाचा श्वास संथ होतो, झोप सुधारते, चिडचिड कमी होते, वगैरे. उतारे काढून घेतले.

दुपारी पुरावे गोळा करायला वही घेऊन अंगणात गेलो. संघटनेतले लोक पाठीमागे मला ‘भोंगा’ म्हणतात. माळीकाका तोंडावर म्हणतात, वर ‘साहेब’ लावतात.

“काय भोंगासाहेब, आज इकडे कुठे? आणि आवाज बंद?”

मी धाकट्याशेजारी दगडावर बसलो. “इथे बसल्यावर तुला नेमकं काय होतं? छातीतली धडधड कमी होते? साधारण किती मिनिटांनी?”

“मुंग्या बघतो.”

“ते झालंच. पण मनात काय येतं?”

त्यानं विचार केला. “मुंग्या.”

माळीकाका हसले. “लिहा साहेब, लिहा. मुंग्या.”

मी पुस्तिकेतले उतारे त्याला मोठ्यानं वाचून दाखवले, म्हणजे त्याला स्वतःचं काय होतंय ते तरी कळेल. दुसऱ्या उताऱ्याला तो उठला आणि खोडाच्या पलीकडे जाऊन बसला. तिकडे ऊन होतं खरं तर. थंडी वाजत असावी.

मी एकटा दहा मिनिटं गप्प बसायचा प्रयत्न केला. चार मिनिटांत भाषणाचं दुसरं पान सुचलं. जागेत गुण आहे, नाकारता येत नाही.

१२ मार्च, बुधवार

शिष्टमंडळ घेऊन साहेबांकडे गेलो. शिष्टमंडळ म्हणजे मी आणि माझ्याच टेबलावरचा दुसरा मुद्रितशोधक, ज्याला सगळे चष्मेवाला म्हणतात. तो मान हलवायला होता.

“हिरवळच हवी ना तुम्हाला?” साहेब म्हणाले. “प्रत्येक खिडकीत कुंडी देतो. लेखी देतो.”

“साहेब, बाइंडिंग खात्याला खिडक्याच नाहीत.”

“मग कुंड्या दारात ठेवू. तुम्ही ना, भावनेवर बोलता. वीस तारखेला तीन जणांची समिती बसणार आहे. तिथे पुरावा आणा. झाडाखाली बसून भलं झालेला एक माणूस दाखवा. एक. मग पाहू.”

बाहेर आल्यावर चष्मेवाला म्हणाला, “एक माणूस कुठून आणायचा?”

मी काहीच बोललो नाही. आयुष्यात पहिल्यांदा असेल.

१६ मार्च, रविवार

भाषण झालं. अकरा पानं. सातव्या पानावर एक परिच्छेद आहे. रुमाल, टेबलाखालचे दिवस, हिच्या हातचा घास, एकदा पाळीच्या भोंग्यानं दचकून त्याचा पायजमा ओला झाला होता ते, आणि मग तुती, पाईप, शीळ. लिहून झालं तेव्हा माझेच डोळे भरले. एवढं धारदार मी उभ्या हयातीत लिहिलं नाही.

मग खोडलं. काही झालं तरी सख्खा भाऊ आहे. एकाच रेघेनं खोडलं. खालचं वाचता येईल अशी रेघ.

हिला वाचून दाखवलं. सातव्या पानाशी तिनं विणकाम खाली ठेवलं. “हे खोडलंय ना?”

“खोडलंय. पण तोच एक पुरावा आहे. साहेबांनी एक माणूस मागितलाय.”

“मग भाऊजींना विचारा.”

“विचारणारच. मी काय चोर आहे?”

“तुम्ही विचारलंत की समोरच्याला ‘हो’शिवाय काही म्हणता येत नाही. सभेत विचारल्यासारखं विचारता. वाचायला द्या आणि गप्प राहा.”

दिलं. गप्प राहिलो. यापेक्षा सभ्य वागणं मला तरी माहीत नाही.

१७ मार्च, सोमवार

सकाळी कागद माझ्या डब्याच्या पिशवीत परत आले होते. कामावर जाऊन उघडले. बाकी पानांवर काहीच खूण नाही. सातव्या पानावर, खोडलेल्या परिच्छेदाशेजारी, समासात त्याच्या बारीक अक्षरात दोन शब्द : ‘राहू दे’.

बाहेरच्या माणसासाठी लिहितो, जरी ही वही बाहेरचं कोणी वाचणार नाही. प्रुफावर चुकून खोडलेला मजकूर परत ठेवायचा असला, की आम्ही त्याच्याखाली टिंबं देतो आणि समासात लिहितो, ‘राहू दे’. म्हणजे खोडू नका, छापा.

माझ्या धाकट्यानं माझ्या भाषेत मला परवानगी दिली! पंधरा वर्षं या छापखान्यात राहून शिकला पठ्ठ्या.  चष्मेवाल्याला दाखवलं.

त्यानं कागद डोळ्यांजवळ नेला. “टिंबं कुठायत?”

“अरे, बाइंडिंगचा माणूस तो. टिंबं त्याला कुठून ठाऊक?”

“मग ‘राहू दे’ कुठून ठाऊक?”

याला कुठेही शंका काढता येते. म्हणूनच बावीस वर्षं माझ्यासमोर बसून हा माणूस एकदाही व्यासपीठावर चढला नाही.

टिंबं मी स्वतः दिली. लाल पेनानं, एकसारखी.

२० मार्च, गुरुवार

जिंकलो असं वाटतं. घसा पार गेलाय, तरी आजच लिहून ठेवतो.

मोठा हॉल. समोर समिती : मधे अध्यक्षबाई, दोन बाजूंना दोन गृहस्थ, त्यांतला एक सारखा घड्याळ बघणारा. मागे आमची त्रेसष्ट माणसं. साहेबांनी आकडे वाचले, किती रिळं पावसात भिजली, किती गाड्या रस्त्यावर उभ्या राहतात. मग मी उठलो.

“अध्यक्षबाई, या नकाशावर ‘रिकामी जागा’ लिहिलंय. ही जागा रिकामी नाही! यंत्राला तेल लागतं तसं माणसाला आभाळ लागतं. यंत्राचं तेल चुकलं तर तुम्ही मेकॅनिक बोलावता. माणसाचं आभाळ चुकलं तर तुम्ही त्याला मेमो देता! साहेबांनी मला एक माणूस दाखवा म्हटलं. दाखवतो. माझ्या रक्ताचा दाखवतो.”

आणि सातवं पान. कागदाकडे पाहावंही लागलं नाही. रुमालाशी आलो तेव्हा हॉलमध्ये पंख्याचा आवाज ऐकू येत होता. ओल्या पायजम्याशी घड्याळवाल्या गृहस्थांनी घड्याळाकडे बघणं थांबवलं. शीळ सांगितली तेव्हा अध्यक्षबाईंनी चष्मा काढून पुसला.

“ते इथे आहेत का?” त्यांनी विचारलं. “उभे राहाल का जरा?”

धाकटा भिंतीकडेला बसला होता. उभा राहिला. खाली बघत होता, फरशीवर मुंग्या असाव्यात तसा. लाजाळू आहे पहिल्यापासून. मग टाळ्या. त्रेसष्ट माणसांच्या टाळ्या! पहिल्या कडकडाटाला त्याचे खांदे वर उडाले. माणूस आनंदानंही दचकतो. टाळ्या थांबल्या, पुढचा विषय निघाला, तरी तो उभाच होता. शेवटी बाइंडिंगच्या एका बाईनं त्याच्या बाहीला धरून त्याला खाली बसवलं.

संपल्यावर लोकांनी मला उचलायचंच बाकी ठेवलं होतं. गर्दीतून त्याला शोधलं. चालत घरी गेला म्हणे. चालणंही प्रकृतीला चांगलंच, पुस्तिकेत आहे.

२१ मार्च, शुक्रवार

आवाज बंद. गरम पाण्याच्या गुळण्या. धाकट्यानं आज डबा फर्म्यांच्या टेबलावरच खाल्ला. दमला असेल.

ही माझ्याशी मोजकं बोलते आहे. भाषणाच्या दिवसांत घरातलं काही लक्षात राहिलं नसेल.

२७ मार्च, गुरुवार

निकाल आला. अंगण राहिलं! गोदाम रस्त्यापलीकडे. नकाशावरचे ते दोन शब्द खोडले गेले, आणि या वेळी खोडणारा मी होतो.

साहेब तर असे फिरलेत की जणू झाडं त्यांनीच लावली. अंगणात फलक लावायचा आहे, त्याचं प्रूफ माझ्याकडे आलं : ‘हे उद्यान कामगारांच्या मनस्वास्थ्यासाठी राखीव आहे. येथील तुतीच्या छायेत एका खचलेल्या सहकाऱ्यास नवे जीवन लाभले.’ दुसरं वाक्य माझ्याच भाषणातलं, थोडं सोवळं नेसवून. ‘मनस्वास्थ्य’चं ‘मनःस्वास्थ्य’ केलं. दोन टिंबांचा विसर्ग. पण फलकावर चूक राहिली असती तर पिढ्यानपिढ्या दिसली असती.

संध्याकाळी घरी बातमी सांगितली. ही म्हणाली, “बरं झालं.” धाकटा म्हणाला, “हं.”

४ एप्रिल, शुक्रवार

फलकाचा कार्यक्रम. रिबीन, कात्री, साहेब. छायाचित्रकाराला तुतीखाली ‘ते सहकारी’ हवे होते. धाकट्यानं नेमकी अर्ध्या दिवसाची रजा टाकलेली. मग मलाच उभं केलं.

अंगण ओळखू येत नाही. जुने दगड काढून सिमेंटची बाकं आली. झाडाला नंबर आले. नळाशेजारी साखळीला बांधलेली वही, तिच्यात सही करायची आणि ‘कसे वाटले?’ या रकान्यात अभिप्राय. इतक्या वर्षांत कधी इकडे न फिरकलेले हिशेबखात्यातले लोक डबे घेऊन आले होते. मी खूश होतो. चळवळ पसरते ती अशीच.

मग मागे दोघं बोलताना ऐकलं.

“कुठलं रे ते झाड?”

“ते काय, वेड्याची तुती. बस खाली, बघू तुझं डोकं ताळ्यावर येतंय का.”

“माझं सोड, साहेबांना बसव.”

मी त्यांना जागेवर धरलं आणि पाव तास सुनावलं, माणुसकी म्हणजे काय ते. ऐकून घेतलं बिचाऱ्यांनी. पण ‘वेड्याची तुती’ हे नाव त्या पाव तासात आणखी वीस जणांनी ऐकलं, हे आता लिहिताना ध्यानात येतंय.

माळीकाका नळाशी उभे होते. “ते येत नाहीत आता,” म्हणाले.

“कोण?”

“तुमचे धाकटे. वीस तारखेपासून.”

“कामाचा रेटा असेल, काका.”

त्यांनी पाईप वळवला. पाणी माझ्या बुटांवर आलं. म्हातारा झालाय, हात थरथरतो.

९ एप्रिल, बुधवार

सकाळी ही गच्चीवरून ओरडली, “अहो, जरा वर या.”

दोरीवर धाकट्याचे चार शर्ट वाळत होते.

“काय दिसतंय?”

“शर्ट.”

“तुम्ही प्रुफं वाचता ना? नीट वाचा.”

मी पाहिले. कॉलर, बटणं, खिसे. “चूक काहीच नाही. स्वच्छ आहेत.”

“तीच चूक आहे,” ती म्हणाली. “तीन आठवडे एक डाग नाही.”

“बहर सरला असेल तुतीचा.”

“काल बाजारात माळीकाका भेटले. झाड लगडलंय म्हणाले. पाखरंसुद्धा पुरी पडेनात, खाली सडा पडतोय.” तिनं एक चिमटा काढला, पुन्हा लावला. “भाऊजींना मी भरवत होते तेव्हा खिडकीचा पडदा ओढून घ्यायचे. शेजारणीलाही कधी दिसू दिलं नाही. तुम्ही हॉलभर माणसांना दाखवलंत.”

“त्यानं परवानगी दिली होती!”

“दिली होती?”

“लेखी!”

 ती बादली उचलून खाली गेली.

१० एप्रिल, गुरुवार

त्याला विचारलं. या वेळी सभेत विचारल्यासारखं नाही. तो खाटेच्या कडेला बसून बूट काढत होता, मी दारात उभा राहिलो.

“तू अंगणात जात नाहीस?”

“नाही.”

“माझ्या भाषणामुळे?”

तो बुटाची नाडी सोडत राहिला.

“अरे, पण तूच लिहिलंस ना समासात? ‘राहू दे’?”

“लिहिलं.”

“मग?”

“तू खोडलं होतंस, दादा. मला बरं वाटलं. म्हटलं, राहू दे. खोडलेलंच राहू दे.” त्यानं बूट खाटेखाली सरकवला. “जेवताना वहिनी आणखी वाढायला आल्या की मी काय म्हणतो?”

त्यानं दुसऱ्या बुटाला हात घातला.

“‘राहू दे’ म्हणतो. तेव्हा त्या वाढतात का?”

टिंबं कुठायत, असं चष्मेवाल्यानं विचारलं होतं. टिंबं मी दिली होती. बावीस वर्षांत मी हजारो लेखकांच्या चुका पकडल्या, विसर्ग पकडले, अनुस्वार पकडले. आणि माझ्या घरात, रोजच्या ताटावर, लहानपणापासून ऐकलेले दोन शब्द मला वाचता आले नाहीत. आले नाहीत, की मला तसेच वाचायचे होते? हे मी इथे लिहितोय, कारण दुसरीकडे कुठे म्हणायची माझी हिंमत नाही. टाळ्या येतील असा परिच्छेद होता तो. मला तो हवा होता.

“जाशील का परत?” मी विचारलं.

“तिथे आधी कोणी माझ्याकडे बघत नव्हतं,” तो म्हणाला. “सगळे असायचे, पण आपापला डबा खायचे. एकदा गेलो होतो परवा, लांबून. लोक झाडाकडे बघतात, मग माझ्याकडे. मुंग्या दिसत नाहीत आता.” मग माझी समजूत घालायच्या सुरात म्हणाला, “पण वाचली ना तुझी जागा.”

तुझी.

चिडला असता तर मला उत्तर देता आलं असतं. चिडलेल्या माणसांना उत्तरं देण्यात माझा जन्म गेला.

११ एप्रिल, शुक्रवार

जेवताना त्याची डावी मूठ मिटलेली होती. आत रुमाल आहे का, विचारलं नाही. माझंही धाडस संपतं तर कुठेतरी.

१५ एप्रिल, मंगळवार

साहेबांकडे गेलो. फलक काढा म्हटलं. ते हसले. “अहो, तुमचंच वाक्य आहे त्याच्यावर. आणि शुद्धलेखनही तुम्हीच पाहिलंय. समितीच्या नोंदीत गेलंय ते आता. तुम्हाला काही केल्या समाधान नाही बुवा!”

नाहीच आहे. गोदाम झालं असतं तर त्यांनी त्याची जागा घेतली असती, आणि मी गावभर त्यांच्या नावानं शंख केला असता. आता कोणाच्या नावानं करू? झाडं उभी आहेत. सावली आहे, पाखरं आहेत, पुस्तिकेत लिहिलेलं सगळं आहे. फक्त ज्याला ते लागू पडत होतं तो खिडकी नसलेल्या खात्यात बसून डबा खातो. त्या बरं करणाऱ्या जागेत त्याला लागत होतं ते एवढंच, की कोणी ‘कसे वाटले?’ असं विचारू नये. पहिला विचारणारा मी. वही घेऊन गेलो होतो.

घरी येऊन नऊ पानं लिहिली. कामगारांसमोर उभं राहून चूक कबूल करायची, जाहीर माफी मागायची. हिला दाखवली. तिनं माझं लाल पेन मागून घेतलं आणि पहिल्या पानापासून खोडत सुटली. तिची रेघ माझ्यासारखी नाही. खालचं काही वाचता येत नाही.

“माफीत पुन्हा भाऊजीच आलेत,” म्हणाली. “पुन्हा रुमाल, पुन्हा सगळं. आणखी एकदा टाळ्या हव्यात का?”

“मग करू काय?”

“उभे राहू नका. बोलू नका. एकेकाच्या टेबलाशी जा आणि हळू आवाजात एकच गोष्ट मागा. एक दिवस मागा. एक दिवस देतील माणसं.”

“कारण विचारलं तर?”

तिनं पेनाचं टोपण लावलं. “म्हणा, राहू दे.”

लगेच माळीकाकांच्या घरी जाऊन बोललो. उद्या साडेबाराला ते फर्म्यांच्या टेबलाशी जातील आणि धाकट्याला म्हणतील, हात भरून आलाय, पाईप धरा जरा. बाकी काही सांगायचं नाही, असं मलाच बजावलं त्यांनी. वर म्हणाले, “झाडाला भाषण लागत नाही, साहेब. पाणी लागतं.” तुतीखालचं सिमेंटचं बाक ते सकाळीच ओढून बाजूला ठेवणार आहेत. जुना दगड त्यांनी फेकला नव्हता, नळामागे लपवून ठेवला होता.

तो जाईल की नाही, सांगता येत नाही. गेला तरी बसेल का, बसला तरी मुंग्या दिसतील का. माझ्या हातात एवढंच उरलंय. मी साडेबाराला माझ्या टेबलावर खिडकीकडे पाठ करून बसणार आहे.

उद्या सकाळी पाळी सुरू व्हायच्या आत त्याचं टेबल सोडून बासष्ट टेबलं फिरायची आहेत. भोंग्याला कुजबुजायची सवय नाही. म्हणून इथे एकदा लिहून पाठ करतो. नऊ पानांतून हिनं एवढंच ठेवलं :

भाऊ, ताई, आज दुपारी साडेबारा ते एक मागच्या अंगणात जाऊ नका. खिडकीतूनही बघू नका. फक्त अर्धा तास, ती जागा रिकामी ठेवा.